जमिनीखालची पोकळी आणि माझी दोन नावं

इलिनॉयमध्ये आमची 80 एकर जमीन आहे, कसायला दिलेली. तिच्या खालच्या वालुकाश्मातली बारीक छिद्रं भाड्याने द्याल का, असं एका कंपनीने विचारलं, तेव्हा आधी हसूच आलं. त्यांना तिथे कार्बन डायऑक्साइड दाबून साठवायचा होता. तो खडक म्हणजे माउंट सायमन. इलिनॉयमधल्याच डिकॅटर शहरात 2011 ते 2014 मध्ये त्याच थरात सुमारे 10 लाख टन वायू सोडला गेला होता. इलिनॉयच्या 2024 च्या कायद्याप्रमाणे ही पोकळी वरच्या जमीनमालकाची. कराराचा मसुदा आला, आमच्या वकिलाने पाहिला, दोन फेऱ्यांत रक्कमही ठरली.

आणि मग अडलं माझ्या नावावर.

खरेदीखतात माझं माहेरचं नाव, मध्ये वडिलांचं. नागरिकत्व घेताना मी वडिलांचं नाव गाळलं आणि सासरचं आडनाव लावलं. कंपनीचा लँडमन (जमिनीचे करार आणि मालकीचे कागद बघणारा माणूस) म्हणाला, "कागदावर एक बाई, सहीला दुसरी." त्याला त्यात काही विनोद वाटला नाही. मला तर अजिबात नाही!

विवाहाचा दाखला पाठवला. चालला नाही, कारण लग्नानंतरही कित्येक वर्षं मी जुन्याच नावाने सह्या करत होते. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायला गेले, तर नोटरीबाईंनी त्यावर छापलेली ओळ वाचली (अधिकाराविना नक्कल करणं शिक्षापात्र) आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला, दोन बोटांनी, गरम तवा असावा तसा. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं शपथपत्र केलं. तेही वकिलाच्या ऑफिसातून परत. का? पहिल्या पानाचा वरचा उजवा कोपरा 3 बाय 5 इंच कोरा हवा, तो रेकॉर्डरच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याच्या, शिक्क्यासाठी. आणि नोटरीचा शिक्का नेमका तिथेच पडलेला. पुन्हा छापलं, पुन्हा सही, पुन्हा तीच नोटरीबाई. तिने यावेळी पट्टीने मोजलं. नऊ आठवडे गेले यात. शेवटी नावबदलाचा न्यायालयाचा आदेश सापडला, प्रमाणपत्राच्याच फाइलमध्ये, मागच्या खिशात. नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवशी हातात दिला होता, मी उघडूनही पाहिला नव्हता.

तेव्हा नाव बदललं असेल, तर तो कागद आधी शोधा. बाकीचं नंतर.

बाकीचं म्हणजे, "मालकीची हमी आम्ही देतो" हे वाक्य खोडायला लावा. ऐंशी वर्षांपूर्वी कोणी खाणहक्क विकला असेल तर ते तुम्ही कुठून सांगणार? पृष्ठभागावर विहीर, रस्ता, पाइप काहीही नको, असं लिहून घ्या. पैसे एकरावर की टनावर, हे नीट पाहा. कारखान्यातून पकडून साठवलेल्या टनामागे कंपनीला 85 डॉलरपर्यंतची करसवलत असते, म्हणून टनाचा आग्रह धरायला लाजू नका. मुदतीत वायू सोडला नाही तर करार आपोआप संपावा. वायू सोडणं थांबल्यावर देखरेखीची मुदत साधारण 50 वर्षं धरतात. त्या काळातली जबाबदारी कंपनीवरच राहील हे शब्दांत हवं. नोंदणीला पूर्ण करार देऊ नका, त्याचा गोषवाराच पुरतो, नाहीतर तुमचा भाव सगळ्या गावाला कळतो.

हो, आणि "मी सहीच करणार नाही" असं म्हणून अडून बसणाऱ्यांनी जपून. आजूबाजूच्या 75 टक्के मालकीची संमती मिळाली की उरलेल्यांनाही योजनेत ओढता येतं. आमच्या शेजाऱ्यांना हे मी सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, तुमचं नाव नक्की काय?