पहिला प्रश्न परक्याचा

उत्तरायण होऊन दहा-पंधरा दिवस झालेले असायचे, तरी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तारांवर फाटके पतंग लोंबत असायचे आणि पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचायला उभ्या राहिलेल्यांच्या बोटांना मांज्याच्या चिरा असायच्या. आमची विद्यार्थी परिषद म्हटली की मला आधी ती बोटं आठवतात. हातात झेरॉक्सचे कागद, कागद थरथरतायत, आणि तर्जनीला चिकटपट्टी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्यात एम. ए., पीएच. डी. करणारी आम्ही पंधरा-वीस टाळकी. मराठी, गुजराती, इतिहास, संस्कृत, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, फाइन आर्ट्स, शिवाय भरतनाट्यम शिकणारी एक मुलगी. जानेवारीतला शेवटचा शनिवार-रविवार ठरलेला. एका मंडळाचा हॉल फुकट मिळायचा, अट एवढीच की साडेसहाला रिकामा करून द्यायचा, कारण मग नाटकाची तालीम असे. खुर्च्या आपणच मांडायच्या, आपणच उचलायच्या. भाषेचं बंधन नव्हतं. कुणी मराठीत वाची, कुणी गुजरातीत, बाकीचे हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत.

पेपरला पंधरा मिनिटं, मग घंटा. घंटा आमच्या देवघरातली. “सोमवारी परत आण, आणि घासून आण,” आई दरवर्षी बजावायची. आणि दुसरा नियम, पहिला प्रश्न परक्याचा. इतिहासाचा पेपर असला तर इतिहासवाल्यांनी तोंड मिटून बसायचं, आधी दुसऱ्या कुठल्या तरी विषयाच्या माणसानं विचारायचं. यामागे काही थोर तत्त्व होतं असं नाही. पहिल्या वर्षी एकाच विषयाचे दोघं एका सनावळीवरून इतका वेळ भांडले, की बाकीचे उठून सेवउसळ खायला गेले. त्यावरचा तो उतारा होता.

उद्घाटनाला एक निवृत्त सर यायचे आणि दरवर्षी तीच उजळणी करायचे. 1916 साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच गावात भरवली. 1921 चं मराठी साहित्य संमेलन इथलंच, अध्यक्ष न. चिं. केळकर. 1933 साली प्राच्यविद्येची, म्हणजे जुन्या ग्रंथ-भाषांच्या अभ्यासकांची, परिषदही इथं भरली. “तेव्हा बाळांनो, परिषद या गावाला नवी नाही,” म्हणून थांबले, की आम्ही टाळ्या वाजवायचो. दुसऱ्या वर्षापासून मागच्या रांगेतली पोरं सनं त्यांच्याआधीच पुटपुटायला लागली. सरांना ते ऐकू जायचं आणि आवडायचंही, असा मला संशय आहे.

एका वर्षी इतिहासवाल्यानं तंजावरच्या नर्तकींवर पेपर वाचला. 1880 साली सयाजीरावांचं पहिलं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्याच पुढे चिमणाबाई, आणि त्यांच्या पाठोपाठ नाचणाऱ्या आणि वाजवणारे बडोद्याच्या दरबारी नोकरीला आले. पगार, रजा, पेन्शन, सगळं त्यानं नीट मांडलं. घंटा झाली. परका प्रश्न संस्कृतवाल्याचा. सयाजीरावांच्याच गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड अभिनवगुप्ताच्या भाष्यासह निघाला तो 1926 साली, हे त्याला पाठ. त्यानं विचारलं, “म्हणजे एकाच राजाच्या पैशातून इकडे नाचाचं पुस्तक शोधलं जात होतं आणि तिकडे खऱ्या बाया नाचत होत्या. त्या पुस्तकवाल्यांनी कधी जाऊन नाच बघितला का?” इतिहासवाला काही बोलायच्या आत भरतनाट्यमवाली उठली आणि म्हणाली, “आणि त्या बायांना कोणी पुस्तक वाचून दाखवलं का?” त्या सत्राचा चहा तासभर उशिरा झाला.

पुढच्या वर्षी संस्कृतवाल्याची पाळी आली. बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिर या संशोधन संस्थेनं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात सात खंडांत काढली, ती कशी केली ते तो सांगत होता. कागदावर वरती श्लोक लिहायचा, खाली एकेका पोथीतला पाठ शब्दाशब्दानं उतरवायचा, उत्तरेच्या पोथ्या वेगळ्या, दक्षिणेच्या वेगळ्या, मग जुना पाठ कुठला ते ठरवायचं आणि मागाहून घुसलेलं तळटीपेत टाकायचं. मानसशास्त्रवालीचा हात वर. “तळटीपेत गेलेल्या श्लोकावर जे लोक शेकडो वर्षं रडले, त्यांचं रडणं पण तळटीपेतच का?” तो हसला, मग गप्प झाला. त्याच्या प्रबंधात पुढे या प्रश्नावर अख्खं एक प्रकरण आलं. प्रस्तावनेत आभार मात्र दुसऱ्यांचेच. असो.

सगळे प्रश्न असे नव्हते हो. निम्मे निव्वळ भाबडे असायचे, आणि एकदोघं परके असल्याचा फायदा घेऊन भाषणंच ठोकायचे. त्यांच्यासाठी घंटा होतीच.

गंमत भाषेची. माझ्या पहिल्या पेपराआधी गुजराती विभागातल्या एकानं, मराठीत बोलायचंच म्हणून, मला विचारलं, “तुला मोडी आवडते?” मी म्हटलं, “खूप आवडते!” झालं. त्यानं कुठूनसा आणलेला एक मोडी कागद सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला, वाच म्हणून. गुजरातीत आवडतं म्हणजे येतं, हे बडोद्यात जन्मून मला कळायला हवं होतं. मला तेव्हा मोडी इतकीच येत होती की दोन ओळींत घाम फुटला. त्या चिडीनंच मी मोडी धड शिकले, हे त्याला आजही सांगितलेलं नाही.

दोन वर्षांनी मी आमच्या घरातल्या जुन्या हिशेबाच्या वहीवर पेपर वाचला. पणजोबांची वही, 1930 च्या आसपासची, सगळी मोडीत. तूप, सरपण, भटजींची दक्षिणा, पंचमीचे चार आणे. हिशेबाआडून घर कसं बोलतं, असं काहीसं मी मोठ्या ऐटीत मांडलं. वहीची दोन पानं फिरवायला दिली होती. ती फाइन आर्ट्सच्या छापचित्रवालीकडे अडकली. ती पान खिडकीकडे धरून तिरकं करून बघत बसलेली, पेपर ऐकत नव्हती म्हणून मला रागच येत होता.

घंटा झाली. तिनं विचारलं, “या रेघा कोणी ओढल्या?”

मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि अक्षरं मग त्यांना टांगतात, हे मी तिला समजावायला लागले. “ते कळलं,” ती म्हणाली. “पण रेघेची शाई फिकी आहे, अक्षरांची गडद. अक्षरं सगळी उजवीकडे झुकतात, हात घाईचा आहे. रेघ ओढणाराला मुळीच घाई नाही. दोन हात आहेत हे.” दोन वर्षं मी ती वही वाचत होते. वाचतच होते.

त्या रात्री आत्याआजीला विचारलं. ती तेव्हा सत्तरीच्या पुढची, वडलांची आत्या. अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाली, “आम्ही बहिणी ओढायचो. रविवारी दादा, म्हणजे तुझे पणजोबा, अख्खी वही पुढ्यात टाकायचे. एका रेघेला हात उचलला की पान बाद.”

“आणि लिहायला?”

“मोडी भावांना. शाळेत आम्हाला बाळबोध होतं, तुमची देवनागरी, सरकारचा कायदाच होता, मुलींना घरी ठेवलं तर दंड. पण हिशेब काय मुलींनी लिहायचे होते?” मग जरा वेळानं, “कुणी ओळखलं म्हणालीस? जेवायला आण तिला.”

रविवारी समारोप आटोपून, खुर्च्या उचलून, मी तिला घरी आणलं. बासुंदी केली होती. जेवण झाल्यावर आत्याआजीनं परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेची कोरी बाजू मागितली, माझं शाईपेन घेतलं, कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. पट्टी नाही, काही नाही. मग तिच्याखाली दुसरी, मग तिसरी.

तो कागद छापचित्रवालीनं घडी न घालता वहीत सरळ ठेवला आणि घेऊन गेली. मी दोनदा मागितला. दिला नाही.