तंबू खळ्यात, समुद्र दिवसा: धामापूरचा मुक्काम

डिसेंबर-जानेवारीत तंबू घेऊन सिंधुदुर्गात जाणार असाल, तर मुक्काम किनाऱ्यावर ठेवू नका, धामापूरच्या तलावापाशी ठेवा. तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती हे सगळं तिथून दिवसा होतं. संध्याकाळी परत आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ करून माणसासारखं झोपता येतं. आम्ही मी, बायको, दोन पोरं आणि मावसभाऊ-वहिनी असे दोन तंबू घेऊन गेलो होतो, त्या अनुभवावरून हे लिहितोय.

आमच्या डोक्यात आधी तिलारी होतं. दोडामार्गातल्या त्या जलाशयाचे फोटो पाहिले की कुणालाही बॅग भरावीशी वाटेल. पण तिथल्या जंगलाचा बराच भाग २०२० पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय पथारी टाकायची ती जागा नव्हे. दोडामार्गात रानटी हत्तींचा वावर आहे. शिवाय माकडताप. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात त्याचे रुग्ण सापडत आले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम नेमका पाऊस संपल्यानंतरचा, म्हणजे आपल्या सुट्ट्यांचाच. पोरं पालापाचोळ्यात लोळणार हे ठरलेलं, म्हणून तिलारी आम्ही बाहेरून बघण्यापुरतं ठेवलं. आंबोली ६९० मीटरवर. थंडी छान, पण गव्यांच्या वाटेवर तंबू लावण्याची हौस मला नाही. सावंतवाडीहून दिवसाभरात जाऊन येता येतं, तेवढं पुरे.

धामापूरचा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या काळात नागेश देसाई या मांडलिकाने बांधलेला. दोन डोंगरांच्या बेचक्यात मातीचा बांध घालून पाणी अडवलंय आणि त्यावर धामापूर-काळशाची शेती अजून भिजते. २०२० मध्ये सिंचनाच्या जागतिक वारसा वास्तूंत त्याची नोंद झाली. काठावर भगवती देवीचं देऊळ आहे आणि पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. लग्नकार्याला देवीकडे दागिने मागितले की ते तलावातून वर यायचे, मग कुणीतरी परत केले नाहीत आणि देवीने देणं बंद केलं, अशी कथा गावात सांगतात. उसनं परत न करणारा माणूस प्रत्येक गावात असतोच. बांधावर, देवळाच्या आवारात किंवा काठच्या झाडीत तंबू लावू नका. पाण्यात साबण, भांडी, शॅम्पू काहीही नको.

मग तंबू कुठे? कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, किंवा परड्यात, म्हणजे परसात. कोकणात मोकळी दिसणारी जमीन बहुतेक वेळा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, आणि त्या सातबाऱ्यावर पंधरा नावं असतात. म्हणून रस्त्याकडेला बरी जागा दिसली की उतरलो, हे इथे चालत नाही. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना आधी फोन करून विचारा की खोली नको, खळ्यात तंबू लावू द्याल का, संडास-बाथरूम वापरू द्याल का आणि दोन वेळचं जेवण द्याल का. पैसे त्याच फोनवर बोलून घ्या. आम्हाला जागा दिली त्या काकींनी पोचल्या पोचल्या बजावलं, "खळा कालच सारवलेला असा, खिळे मारू नकात हां."

तंबू निवडतानाच हे लक्षात ठेवा. खिळ्यांवाचून आपल्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबूच कोकणात कामाचा. सारवलेल्या खळ्यात खिळे मारायचे नसतात आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मारता येत नाहीत, कातळावर लोखंडी खिळा दोन ठोक्यांत वाकतो. दोऱ्या ताणायला आम्ही गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) रचलेले चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे घडवलेले ठोकळे, वापरले. चिऱ्याची कड कानशीसारखी असते, रात्रभर वारा खेळला की नायलॉनची दोरी सकाळी पिंजलेली सापडते. भावाने नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, दोरी आणि चिऱ्याच्या मधे घातलं, मग प्रश्न मिटला. आणखी एक, चिरा उचलण्याआधी काठीने हलवून बघा. खाली विंचू असू शकतो, फुरसंही. फुरसं वीतभर दिसतं म्हणून हलक्यात घेऊ नका. ते चावलं तर जखमेवर चीर पाडणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे काही न करता माणसाला हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. कुडाळ आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय, दोन्ही ठिकाणांचा रस्ता पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिला, त्यामुळे वेळेत पोचलं तर आता पूर्वीसारखी भीती उरलेली नाही. बूट रात्री तंबूच्या आत, आणि सकाळी झटकूनच पाय घालायचा.

माडाखाली तंबू कधीच नाही. नारळ पडतो तेव्हा हाक मारून पडत नाही, आणि सुकलेली झावळही काही कमी जड नसते.

डिसेंबरात इथे दव पावसासारखं पडतं. पहाटे चार-पाचला तंबूचं वरचं कापड निथळत असतं आणि आतल्यांच्या श्वासाने आतूनही ओल धरते. दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवल्या तर फरक पडतो. दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री उशिरा उलट जमिनीकडून मतलई वारे सुटतात. म्हणून एक दार डोंगराच्या अंगाला ठेवलं की रात्री हवा खेळती राहते. पातळ गोधडी पुरते. डास मात्र आहेत, तलाव म्हटला की असणारच.

येण्याजाण्याबद्दल. कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरा. तुतारी दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे तिकिटावर पुढची तारीख लागते. शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं काढायचं, एवढं घरात सगळ्यांना दोनदा सांगून ठेवा. आरक्षण साठ दिवस आधी खुलतं आणि नाताळातलं बघता बघता भरतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा त्याहून अवघड, कारण तिची तारीख ठरलेल्या तिथीला नसते, दर वर्षी देवीचा कौल घेऊन जाहीर होते. ती एकदा जाहीर झाली की त्या आठवड्याच्या गाड्या विसरा. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

गॅसचा डबा रेल्वेत चालत नाही, छोटा असला तरी नाही. आम्ही शेगडी नेलीच नव्हती. काकींच्या मागच्या पडवीतली चूल, चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि सोडणं यावर चहा आणि पेज व्हायची, बाकी जेवण त्यांच्याकडेच. उकडा भात, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, एक दिवस बांगडे. तंबूत राहायचं आणि स्वयंपाकही स्वतःच करायचा हा हट्ट कोकणात का धरावा, मला कळत नाही. पोरांनी घावण्यांचा जो फडशा पाडला त्यावर काकी खूश होत्या.

कुडाळहून धामापूरला नेरूरपारचा पूल ओलांडून काळशातून रस्ता जातो. मालवणच्या एस.टी.त चढण्याआधी गाडी धामापूरवरून जाते ना, हे वाहकाला विचारून घ्या. सामान जास्त असेल तर सरळ रिक्षा करा. फिरण्यासाठी मात्र एक दिवस तरी भाड्याची गाडी हवीच, कारण संध्याकाळनंतर आतल्या रस्त्यांना एस.टी.ची आशा धरू नये.

समुद्रावरच्या दिवसासाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा काल जिथे चादर अंथरली होती तिथवर पाणी येऊ शकतं. किनाऱ्यावर तंबू नको म्हणण्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे रापण. पहाटे जाळं ओढायला माणसं येतात आणि त्यांच्या वाटेत आपले पसारे नकोत. तिसरं, कासवं. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्री किनाऱ्यावर चढतात, वेंगुर्ल्याच्या वायंगणीला तर त्यांची घरटी राखली जातात. शेकोटी आणि टॉर्चच्या उजेडाने मादी बिचकून परत फिरते.

देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथे पाणी शांत दिसलं तरी ओढ जबर असते. पोहायचं तर आधी होडीवाल्यांना विचारा, ते नको म्हणाले की विषय संपला. मालवणचा किल्ला सगळ्यांना माहीत आहे, १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला. होडी सकाळी लवकर धरा म्हणजे रांग टळेल. आमच्यात सगळ्यांना आवडला तो भोगवे. नाताळच्या आठवड्यातही तिथे बसायला सावली मिळाली, तारकर्लीला पाय ठेवायला जागा नव्हती.

या दिवसांत गावोगावी जत्रा असतात आणि जत्रेत दशावतार. जवळ कुठे आहे का, काकींसारख्या कुणाला विचारा आणि जाच. रात्री उशिरा सुरू होतो, उजाडेपर्यंत चालतो. पोरं मांडीवर झोपली तरी संकासुर आला की उठतात. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मोकळा ठेवा, आणि जत्रा तुमच्याच वाडीत असेल तर त्या रात्री झोपेचा विचार सोडून द्या.

निघायच्या दिवशी सकाळी तंबू घाईने गुंडाळू नका. दवाने भिजलेलं कापड पिशवीत कोंबलं की घरी पोचेपर्यंत वास धरतं आणि काळे डाग पडतात, ते पुन्हा जात नाहीत. दोन्ही तंबू उलटे करून गडग्यावर टाका, दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. परतीची कोकणकन्या संध्याकाळनंतरच आहे. तेवढ्या वेळात जेवण होतं, चिरे जागेवर रचता येतात, आणि प्लास्टिकचा कचरा वेगळ्या पिशवीत बांधून बरोबर घेता येतो. वाडीत कचऱ्याची गाडी येत नाही, तुम्ही टाकून गेलात तर तो काकींनाच जाळावा लागतो.