घराजवळचं रामेनचं दुकान: माझा अनुभव

नोकरीसाठी तोक्योत आले आणि निशिकासाईला घर घेतलं. इथे भारतीय मंडळी भरपूर, त्यामुळे डाळ-तांदळाची अडचण नाही. पण ऑफिसातून उशीर झाला की पाय आपोआप स्टेशनजवळच्या रामेनच्या, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्सच्या, दुकानाकडे वळतात. दहा-बारा खुर्च्या, त्याही एका रांगेत, समोरच स्वयंपाकघर. जपानी जेमतेम येत असलं तरी इथे काही अडत नाही, कारण काय कधी करायचं याचा क्रम ठरलेला असतो. तो एकदा कळला की झालं.

दारात आधी तिकिटाचं मशीन. खुर्ची पकडायची घाई नको. आधी पैसे, मग जागा. बटणांवरची अक्षरं वाचता आली नाहीत तरी डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबावं, बहुतेक ठिकाणी तोच दुकानाचा मुख्य रामेन असतो. किंमत हजार येनच्या आसपास. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा कितीतरी जुनी मशीन्स त्या घेईनात, आणि नवं मशीन घेणं लहान दुकानदारांना फार जड गेलं. मोठी नोट सगळीकडे चालत नाही, म्हणून हजाराच्या नोटा आणि नाणी जवळ हवीतच.

या दुकानातला रामेनचा प्रकार ‘इएकेई’. योकोहामात १९७४ साली, आधी ट्रक चालवणाऱ्या मिनोरू योशिमुरा यांनी तो सुरू केला. डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांचं दाट सूप, त्यात सोया सॉस, जाड नूडल्स. तिकीट कट्ट्यावर ठेवलं की आतून तीन गोष्टी विचारतात: नूडल्स किती शिजवायच्या, चव किती कडक, तेल किती. ‘फुत्सू’ म्हटलं की सगळं नेहमीसारखं येतं. मी नूडल्स ‘कातामे’ सांगते, म्हणजे जरा कमी शिजलेल्या, कारण गरम सूपात त्या मऊ होतच राहतात. चव मात्र पहिल्या वेळी ‘उसुमे’, म्हणजे सौम्य, सांगा. हे सूप चांगलंच खारट असतं.

वाडगा समोर आला की लगेच तोंड लावू नका. वर कोंबडीच्या तेलाचा पिवळा थर असतो, त्याखाली उष्णता कोंडलेली असते. वाफ कमी दिसली तरी जीभ पोळते. कडेला नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, तीन पानं उभी, बाजूला उकडलेला पालक आणि चाशूचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, काप. भात वेगळा घ्यायचा. नोरीचं पान सूपात बुडवायचं, मऊ झालं की त्यात भाताचा घास गुंडाळून खायचा. खरं सांगते, मला नूडल्सपेक्षा हा घास जास्त आवडतो! अर्धा वाडगा संपला की कट्ट्यावरचा वाटलेला लसूण आणि ‘तोबानजान’ ही मिरचीची पेस्ट घालते, की चव पार बदलते. भुरके मारायला लाजू नका, शेजारचे सगळे तेच करत असतात.

पाणी आपलं आपण घ्यायचं. खाऊन झालं की वाडगा वरच्या कट्ट्यावर ठेवायचा, ओल्या फडक्याने जागा पुसायची, जेवणाबद्दल आभार म्हणून ‘गोचिसोसामा’ म्हणायचं आणि निघायचं. टिप नसते. गप्पा मारत बसायची ही जागा नव्हे, दाराबाहेर लोक उभे असतात. एकट्या बाईने जावं का, असं मैत्रिणी विचारतात. खुशाल जा, इथे बहुतेक जण एकटेच येतात.

शाकाहारी मंडळींनी मात्र अशा दुकानात जाऊ नये. चाशू काढायला सांगून उपयोग नाही, सूपच हाडांचं. पुण्याहून आई आली तेव्हा तिला मी तोक्यो स्टेशनातल्या ‘टीज तानतान’मध्ये नेलं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच वापरत नाहीत. तिळाचं दाट, तिखट सूप आईने शेवटपर्यंत प्यायलं. दुकान तिकीट फाटकाच्या आत आहे, त्यामुळे गाडी बदलतानाच जाणं सोपं.