तुम्ही विचारलंत म्हणून: राणीला काम तरी काय होतं?

दुसऱ्या एलिझाबेथचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. कायदे संसद करणार, निर्णय पंतप्रधान घेणार, भाषणसुद्धा सरकार लिहून देणार; मग या बाईंनी सत्तर वर्षं केलं तरी काय? हॅट घालून हात हलवला, इतकंच ना?

काम होतं, आणि रोजचं होतं. त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे स्वतःवर निर्णय घ्यायची पाळीच येऊ न देणं. हे कसं चालायचं आणि कुठे फसायचं, ते सांगण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे ‘राणीचा बाग’ किंवा ‘राणीछाप रुपया’ म्हणतात तेव्हा ती राणी व्हिक्टोरिया. एलिझाबेथ ही तिची खापरपणती. ती ६ फेब्रुवारी १९५२ रोजी गादीवर आली तोवर भारत प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं उलटली होती, त्यामुळे ती भारताची राणी कधीच नव्हती. पाकिस्तानची मात्र १९५६ पर्यंत होती आणि सिलोनची १९७२ पर्यंत. भारतापुरतं तिचं पद ‘राष्ट्रकुलाची प्रमुख’ एवढंच. प्रजासत्ताक झालेल्या देशालाही राष्ट्रकुलात राहता यावं म्हणून १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यात ही तोड काढली गेली होती.

आता काम. रोज लाल चामड्याची एक पेटी यायची. नाताळ आणि ईस्टरचा रविवार हे दोन दिवस वगळले तर वर्षभर, उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या बालमोरलला मुक्काम असला तरी. आत मंत्रिमंडळाची टिपणं, परराष्ट्र खात्याच्या तारा, नेमणुकांचे आणि सनदांचे कागद. पेटी राणीचे खाजगी सचिव लावून द्यायचे, म्हणजे कोणता कागद वर नि कोणता खाली हे त्यांच्या हातात. सनदांवर, नेमणूकपत्रांवर राणीची सही तळाशी नसायची, माथ्यावर असायची: ‘एलिझाबेथ आर’. आर म्हणजे रेजिना, लॅटिनमधली राणी.

संसद चालू असेल त्या दिवशी आणखी एक कागद यायचा. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार ‘व्हाइस-चेंबरलेन’ म्हणून नेमलेला असतो. आज सभागृहात काय घडलं, कोण घसरलं, कोणावर हशा पिकला, याचा वृत्तांत तो रोज राणीसाठी लिहायचा. वर्तमानपत्रात न येणाऱ्या गोष्टी त्यात असायच्या. संसदेच्या उद्घाटनाला राणी राजवाड्यातून निघाली की याच खासदाराला ओलीस म्हणून बकिंगहॅम राजवाड्यात ठेवून घ्यायचं, ती सुखरूप परतली की सोडायचं. पहिल्या चार्ल्स राजाच्या काळातल्या भांडणाची ही आठवण. त्या राजाचं मुंडकं १६४९ मध्ये उडवलं होतं, म्हणून ओलीस.

आठवड्यातून एकदा पंतप्रधान भेटायला. पूर्वी मंगळवारी, ब्लेअर यांच्यानंतर बुधवारी संध्याकाळी. तिसरं माणूस नाही, टिपण नाही, आणि बाहेर आल्यावर दोघांनीही आतलं काही बोलायचं नाही. राणीचे हक्क तीन मानतात: सल्ला विचारला जाण्याचा, पाठबळ देण्याचा आणि सावध करण्याचा. हे शास्त्र त्यांना लहानपणीच ईटन या शाळेचे हेन्री मार्टेन यांनी शिकवलं होतं. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. पण घटना, तिचा इतिहास आणि राजाने कुठे गप्प बसायचं, याची शिकवणी मात्र पक्की झाली. अशा भेटींत जड पारडं अनुभवाचं. त्यांचे पहिले पंतप्रधान चर्चिल १८७४ चे, पंधराव्या लिझ ट्रस १९७५ च्या. समोरच्या माणसाला अमुक देशाशी आधी काय बोलणं झालं होतं ते फायलीत शोधावं लागायचं. बाईंनी ती फाइल तेव्हाच वाचलेली असायची.

‘पण कायद्यावर सही तर राणीचीच ना? नाही केली तर?’ हा पुढचा प्रश्न. मुळात कायद्याच्या मसुद्यावर त्या सही करत नव्हत्या. मंजूर विधेयकांची नुसती नावं असलेलं एक पत्र त्यांच्यापुढे यायचं, त्यावर सही व्हायची आणि १९६७ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही सभागृहांत ते जाहीर व्हायचं. समारंभाने संमती द्यायची असेल तर कारकून जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये पुकारायचा, ‘ला रेन ल व्यू’, राणीची तशी इच्छा आहे. इच्छा नाही, असं शेवटचं सांगितलं ते ॲन राणीने, १७०८ मध्ये. आपल्या राष्ट्रपतींना कलम १११ नुसार विधेयक एकदा परत तरी पाठवता येतं. ब्रिटनमध्ये नकाराची सोय कोणी वापरतच नाही.

म्हणजे अधिकार कागदावर अफाट, वापर शून्य. ही गोष्ट आपोआप होत नाही, ती सांभाळावी लागते. सांभाळायला सगळ्यात कठीण जागा होती पंतप्रधान नेमण्याची.

जानेवारी १९५७ मध्ये सुएझच्या फजितीनंतर ईडन पायउतार झाले. तेव्हा हुजूर पक्षात नेता निवडायची पद्धतच नव्हती. राणी ज्याला बोलावील तो पंतप्रधान, म्हणून तोच नेता. लॉर्ड सॉल्झबरींनी एकेका मंत्र्याला बोलावून विचारलं, रॅब की हॅरल्ड? रॅब म्हणजे बटलर, हॅरल्ड म्हणजे मॅकमिलन. कौल मॅकमिलनकडे गेला, चर्चिलनीही तेच सांगितलं, राणीने मॅकमिलनना बोलावलं. तोपर्यंत ठीक. ऑक्टोबर १९६३ मध्ये मात्र मॅकमिलन स्वतःच आजारी पडले, रुग्णालयात दाखल झाले आणि तिथून राजीनामा दिला. राणी त्यांना भेटायला गेल्या. त्यांनी खाटेवरून एक टिपण वाचून दाखवलं: लॉर्ड होम यांना बोलवा. बोलावलं. पुन्हा बटलर मागे पडले. इयन मॅकलाउड आणि इनॉक पॉवेल यांनी नव्या सरकारात काम करायला नकार दिला. होम यांना आपली सरदारकी सोडून पोटनिवडणूक लढवून खालच्या सभागृहात यावं लागलं. राणी मावळत्या पंतप्रधानाच्या एकट्याच्या शब्दावर चालल्या, अशी टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. राजीनामा दिलेल्या माणसाचा सल्ला बंधनकारक नसतो. दोन दिवस थांबून चार लोकांना विचारता आलं असतं.

दुरुस्ती पक्षाने केली. १९६५ पासून हुजूर पक्षाचा नेता खासदारांच्या मतदानाने ठरू लागला आणि राणीच्या हातातली निवड संपली. राजवाड्याने सुटकेचा निःश्वास टाकला असणार. पुढे २०१० मध्ये कोणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा तर नियमच लिहून तयार होते: पक्षांनी आपसात बोलून ठरवायचं, तोवर जुना पंतप्रधान खुर्चीत राहणार आणि राणीला त्या घोळात ओढायचं नाही. मंत्रिमंडळ सचिव, पंतप्रधानांचे मुख्य खाजगी सचिव आणि राणीचे खाजगी सचिव हे तिघे एकमेकांशी संपर्क ठेवून होते. पाचव्या दिवशी ब्राउन आले, राजीनामा देऊन गेले, थोड्याच वेळात कॅमेरन आले. आपल्या राजभवनांत पहाटेच्या शपथविधीपर्यंत काय काय घडू शकतं हे २०१९ मध्ये पाहिलेल्या मराठी माणसाला या व्यवस्थेचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडचे संकेत तिथूनच आलेत, ते पाळणारी माणसं तेवढी यायची राहिली.

ब्रिटनबाहेर मात्र ही काळजी घेणं त्यांच्या हातात नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्याही त्या राणी होत्या, पण तिथे त्यांच्या नावाने कारभार पाहायचे गव्हर्नर जनरल. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी सर जॉन कर यांनी, वरिष्ठ सभागृहाने पैशांची विधेयकं अडवून धरली म्हणून, निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनाच बडतर्फ केलं. तिथल्या सभापतींनी राणीला पत्र लिहिलं, पंतप्रधानांना परत नेमा. खाजगी सचिव मार्टिन चार्टेरिस यांचं उत्तर असं की हा अधिकार तुमच्या घटनेने गव्हर्नर जनरलला दिला आहे, राणीने त्यात पडणं योग्य नाही. उत्तर कायद्याने बरोबर. पण कर आणि राजवाडा यांच्यातला पत्रव्यवहार २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुला झाला, त्यात दिसतं की बडतर्फीच्या अधिकाराबद्दल दोघांची आधी महिनोन्‌महिने चर्चा चालू होती. निर्णयाची तारीख तेवढी कर यांनी कळवली नाही, राणीला आधी माहीत नसलेलं बरं म्हणून. हात स्वच्छ राहिले, पण अंतर वाटत होतं तेवढं नव्हतं.

मग २०१९. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे राणीची सल्लागार सभा; तिची बैठक कशी होते ते कळलं की त्या वर्षीचा पेच कळतो. बैठकीला गणपूर्ती तिघांची. सगळे उभे; खुर्चीच द्यायची नाही, ही व्हिक्टोरियाच्या काळापासूनची रीत, त्यामुळे बैठक लांबत नाही. लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे या सभेचं काम पाहणारे मंत्री, एकेका आदेशाचं नाव वाचायचे, राणी म्हणायची ‘मंजूर’. चर्चा नाही. काही मिनिटांत सगळं आटोपतं. २८ ऑगस्टला तेव्हाचे लॉर्ड प्रेसिडेंट जेकब रीस-मॉग आणि आणखी दोन सदस्य बालमोरलला गेले आणि संसद १४ ऑक्टोबरपर्यंत संस्थगित करण्याचा आदेश याच रीतीने मंजूर झाला. ब्रेक्झिटची मुदत ३१ ऑक्टोबरची. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की संसद संस्थगित करण्याचा पंतप्रधान जॉन्सन यांचा सल्लाच बेकायदा, म्हणून आदेश शून्य. जणू कोरा कागद घेऊनच राणीचे प्रतिनिधी संसदेत गेले होते.

राणीने नकार द्यायला हवा होता का? नाही. त्यांनी एकदा ‘हा सल्ला मला पटत नाही’ म्हटलं असतं तर पुढच्या प्रत्येक सल्ल्याला त्यांची पसंती आहे असाच अर्थ निघाला असता, आणि देशातला सगळ्यात तापलेला वाद थेट त्यांच्या अंगणात आला असता. सल्ला चुकीचा असेल तर जाब विचारायला संसद आहे, न्यायालय आहे. न्यायालयाने तो विचारला. यंत्र चाललं ते असं, फक्त करकरत.

तरी एका बाबतीत मी त्यांची बाजू घेणार नाही. विधेयकाचा परिणाम राजसत्तेच्या अधिकारांवर किंवा राणीच्या खाजगी मालमत्तेवर होणार असेल, तर ते संसदेत पुढे सरकण्याआधी ‘राणीची अनुमती’ घ्यावी लागायची. ही वर सांगितलेल्या संमतीहून वेगळी. म्हणजे मसुदा आधीच राणीच्या वकिलांच्या हाती. ‘द गार्डियन’ने २०२१ मध्ये सरकारी अभिलेखागारातले १९७३ चे कागद छापले. कंपन्यांचे खरे भागधारक उघड करायला लावणाऱ्या कायद्यात राणीची गुंतवणूक झाकलेली राहावी, यासाठी त्यांच्या वकिलांनी खटपट केल्याचं त्यातून दिसतं. राजवाड्याने अनुमती हा निव्वळ उपचार असल्याचं सांगितलं. उपचारच असेल तर वकील कशाला लागतो?

शेवटचा, हमखास येणारा उपप्रश्न: नव्वदी उलटल्यावर मुलाच्या हाती देऊन मोकळ्या का नाही झाल्या? नेदरलँड्समध्ये तसं करतात. ब्रिटनमध्ये राजीनामा देऊन चालत नाही, कायदा करावा लागतो, जसा १९३६ मध्ये त्यांच्या काकांसाठी, आठव्या एडवर्डसाठी, केला होता. त्याच धक्क्याने त्यांचे वडील गादीवर आले आणि दहा वर्षांची मुलगी वारस ठरली. त्या घरात तो शब्द काढायचा नाही असंच वातावरण राहिलं. शिवाय त्या ज्या इतर देशांच्या राणी होत्या त्यांच्याशी जुळवून घ्यायचं ते वेगळंच. मुलीआधी मुलगा हा वारसाक्रम बदलायचं ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये ठरलं २०११ ला, सगळीकडची कायदेशीर पूर्तता होऊन तो लागू झाला मार्च २०१५ मध्ये. तो तर कोणाचा विरोध नसलेला बदल!

त्याऐवजी त्यांनी कामं वाटून दिली. मे २०२२ मध्ये संसदेचं उद्घाटन चार्ल्स यांनी केलं, शेजारी विल्यम होते. त्याआधी राणी चुकल्या त्या फक्त १९५९ आणि १९६३ मध्ये, गरोदरपणामुळे. कागदांवर सह्या करायला ‘कौन्सेलर ऑफ स्टेट’ चालतात, दोघं लागतात. पण या प्रतिनिधींना पंतप्रधान नेमता येत नाही. म्हणून ६ सप्टेंबर २०२२ रोजी जॉन्सन आणि ट्रस दोघांनाही वेगवेगळ्या विमानांनी बालमोरल गाठावं लागलं. राणीला लंडनला येणं झेपणार नव्हतं, आणि हे एक काम दुसऱ्या कोणाला सोपवता येत नव्हतं. त्यांच्या कारकिर्दीत पंतप्रधानाची नेमणूक बालमोरलला होण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी प्रिव्ही कौन्सिलची ऑनलाइन बैठक होती. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुढे ढकलली गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी राणी गेल्या.