नीट पिस रे

एप्रिलमधली दुपार, साडेतीन वाजलेले आणि आम्ही द्वारकेच्या चौकात अडकलेलो. नाशिककरांना याहून जास्त सांगायला नको. डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून धुळ्याच्या गाड्या भुर्रकन निघून जात होत्या आणि खाली आम्ही, दोन सिटी बस, असंख्य रिक्षा आणि कांद्याने भरलेला एक ट्रॅक्टर असे एकमेकांची तोंडं बघत होतो.

जेल रोडला मावशीकडे जाऊन हिरावाडीला घरी परतत होतो. आई मागे, लेक माझ्या शेजारी आणि लेकीचा फोन गाडीला जोडलेला. आजीसाठी म्हणून तिने गीतरामायण लावलं. रावणवध झाला. आईने मागच्या मागे हात जोडले. आणि पुढच्याच गाण्यात शूर्पणखा रावणासमोर उभी, माझा सूड घे म्हणून.

"अगं, तो मेला ना आत्ता?" आई म्हणाली. "आता ही तक्रार कुणाकडे करणार?"

"आजी, शफलवर आहे ते."

"म्हणजे?"

"पिसलंय," मी म्हणालो.

आईला लगेच कळलं. "रामायण पिसलं?" एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर कांद्यांकडे बघत बसली.

बरं, शूर्पणखा म्हणजे आमच्या गावचं प्रकरण. तिचं नाक इथे कापलं म्हणून हे नाशिक, असं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ऐकवतो. सीतागुंफा आमच्या घरापासून लांब नाही. त्यामुळे क्रम चुकला की जरा जास्तच लागतं.

पण पिसणं या शब्दापाशी मी अडकलो. फार वर्षांनी तोंडात आला. मे महिन्याच्या सुट्टीत, भद्रकालीजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात, दुपारी जेवणं झाली की माजघरात चटई पडायची आणि मेंढीकोट सुरू व्हायचा. पत्त्यांचा कॅट इतका जुना की चौकटचा पंजा हरवून त्याच्या जागी जोकर आलेला, पाठीमागे बॉलपेनने ५ लिहिलेला. तो कुणाच्या हातात आहे हे चौघांनाही दिसायचं, पण दिसत नाही असं धरून खेळायचं असा नियम होता. पिसायचं काम माझं, कारण मी सगळ्यांत लहान. काका समोर मांडी घालून बसायचे आणि पानं उचलून हातात लावता लावता त्यांच्या भुवया वर चढायच्या. प्रतिपक्षाकडे तीन दश्श्या गेल्या की ठरलेलं वाक्य यायचं, "पिसलेस की नुसते गोंजारलेस? नीट पिस रे!" तीन दश्श्या त्यांच्याच हातात आल्या की मात्र पिसण्याबद्दल अवाक्षर नाही.

पुढे कधीतरी वाचलं की दोन्ही हातांनी फर्रर्र करून पत्ते एकमेकांत मिसळतात तसे निदान सात वेळा मिसळले, तर ५२ पानांचा कॅट बऱ्यापैकी पिसला जातो. १९९२ साली दोन गणितज्ञांनी ते मांडलं होतं. मला फर्रर्र यायचंच नाही. मी एका हातातून दुसऱ्या हातात थप्प्या टाकायचो, दोनदा, आणि तिसऱ्यांदा टाकेपर्यंत कुणीतरी ओरडायचं, "वाट आता!" म्हणजे काकांचं बरोबर होतं. पण गंमत अशी की सातच काय, सत्तर वेळा पिसूनही तीन दश्श्या एका हातात येऊ शकतात. खरं पिसलेलं असलं की तशा त्या अधूनमधून यायलाच हव्यात. हे काकांना सांगायची सोय नव्हती.

हीच तक्रार पुढे जगभरच्या काकांनी केली. २००५ च्या जानेवारीत ॲपलचा आयपॉड शफल आला. मामेभावाने अमेरिकेहून आणलेला मी पाहिला होता, च्युइंगमच्या पाकिटाएवढा, पडदाच नाही. सव्वाशेच्या आसपास गाणी आत असायची आणि पुढचं कोणतं, ते लागल्यावरच कळायचं. तो, त्याचे थोरले भाऊ, संगणकावरचं आयट्यून्स, सगळ्यांबद्दल लोक म्हणायला लागले की हे नीट पिसत नाही, एकाच गायकाची गाणी लागोपाठ लावतं, याचं काहीतरी साटंलोटं आहे. त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्सने आयट्यून्समध्ये एक सोय आणली, एकाच गायकाची गाणी जवळजवळ येण्याचं प्रमाण कमीजास्त करायची. लोकांना जास्त पिसल्यासारखं वाटावं म्हणून आम्ही कमी पिसतोय, असं तो हसत सांगत होता. २०१४ च्या सुमारास फोनवर गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायनेही तेच केलं, एका गायकाची गाणी मुद्दाम लांब लांब पेरायला सुरुवात केली. म्हणजे काकांच्या भुवया बघून पत्ते वाटण्यासारखंच. दश्श्या चौघांना एकेक, आणि वर म्हणायचं की नशीब!

मला यात फसवणूक वगैरे वाटत नाही. मी स्वतः शफलशी याहून वाईट वागतो. सकाळी सातपूरला निघताना कानात इअरफोन घातले की जे पहिलं गाणं लागेल तो त्या दिवसाचा कौल. चांगलं लागलं तर दिवस चांगला. रडकं लागलं तर पुढचं लावतो आणि ते पहिलं धरतो. कधी चौथं पहिलं होतं. घरात कुणाला हे माहीत नाही. आता झालं.

आमच्या पिढीच्या कानाला क्रमाची खोड लागली ती कॅसेटमुळे. (पेन्सिलीचं नाव मी काढणार नाही. सगळेच काढतात.) मेन रोडच्या एका दुकानात वहीच्या कागदावर गाण्यांची यादी नेऊन दिली की तो कॅसेट भरून द्यायचा. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. माझ्या यादीतली गाणी त्याने कधी मोजून भरली नाहीत. ए बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात "डोळ्यांत" या शब्दावर तुटायचं आणि खटॅक. डोळ्यांत काय, ते मला नोकरी लागेपर्यंत कळलं नाही. आज तेच गाणं फोनवर अखंड वाजतं, पण "डोळ्यांत" आलं की माझं बोट आपोआप कॅसेट उलटायला उचललं जातं. पुढे पाणी असतं, ते गाणं काही खास नाही.

आईची तऱ्हा आणखी वेगळी. तिचं माहेर पुण्याचं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती. आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून ५२ ची ५६ झाली. राम वनवासाला निघाला त्या आठवड्यात आमच्या आजोळच्या वाड्यात गोडधोड केलं नव्हतं म्हणे. पुढचं ऐकायचं तर सात दिवस थांबायचं, दुसरा उपायच नाही. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सात दिवस? एका गाण्यासाठी?" आणि मग म्हणाली, "भारी आहे," पण ते कशाला ते कळलं नाही.

आजीच्याच बाजूची एक बातमी लेकीने लगोलग सांगितली. २०२१ च्या नोव्हेंबरात ॲडेल नावाच्या गायिकेने हट्ट धरला, आम्ही गाण्यांचा क्रम विचार करून लावतो, तो पिसू नका. आणि स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफल आपोआप पुढे यायचं ते बंद केलं.

"शहाणी बाई आहे," आई म्हणाली.

मला उगाच खाज. म्हटलं, "आई, पण गीतरामायण तरी कुठे सुरुवातीपासून सुरू होतं? पहिल्याच गाण्यात लव-कुश रामासमोर गातायत. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "ते वेगळं. तिथे ऐकणाऱ्याला सगळं माहीत असतं, तरी तो पहिल्यापासून ऐकतो."

लेकीने काही न बोलता शफल बंद केलं. पहिलं गाणं लागलं. पुढचा ट्रॅक्टर हलला, दोन फूट, आणि पुन्हा थांबला. कुणीच हॉर्न वाजवला नाही, हे द्वारकेला क्वचित घडतं. दशरथाचा यज्ञ झाला, रामजन्म झाला, आई प्रत्येक गाणं संपायच्या आत पुढच्याची चाल गुणगुणायला लागायची आणि लेक तिच्याकडे आरशातून बघत होती.

त्राटिका मेली तेव्हा आम्ही अजून उड्डाणपुलाच्या सावलीतच होतो.