चोवीसपैकी बारा

परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठावरचं गाव. नाव लिहीत नाही. 2025 च्या सप्टेंबरमधल्या पुराला महिना होत आला होता, तरी बाभळीच्या फांद्यांना माणसाच्या डोक्याच्या वर उसाचं पाचट आणि लुगड्याचा एक तुकडा अजून लटकत होता. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यावरून कळत होतं. नदीकडची शेतं पार खरवडून गेली होती. माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला.

मी मनोरुग्णांसोबत काम करणारी समाजकार्यकर्ती. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही मी याच कामात होते. दुष्काळात माणूस हळूहळू खचत जातो, त्याची चाहूल लागते. पुराच्या वेळी एका रात्रीत सगळं गेलेलं असतं आणि सकाळी माणूस वरवर तसाच दिसतो. म्हणूनच आम्ही प्रश्नावल्या घेऊन घरोघर फिरत होतो. कुणाला तातडीनं आधार लागेल हे लवकर कळावं, एवढाच हेतू.

दोन प्रश्नावल्या होत्या. पहिली आशावाद मोजणारी. शायर, कार्व्हर आणि ब्रिजेस या मानसशास्त्रज्ञांनी ती 1994 मध्ये सुधारून दिली. तिच्यात दहा विधानं असतात. त्यांतली चार नुसती भरतीची, गुण मोजायचे ते सहाचे. तीन सरळ, तीन उलट, म्हणजे होकार दिला की गुण कमी. प्रत्येकी शून्य ते चार, म्हणजे एकूण चोवीस. दुसरी 2008 ची, संकटातून माणूस किती लवकर सावरतो ते पाहणारी. तिच्यातही सहा विधानं, तीन सरळ आणि तीन उलट. गुणांची सरासरी तीनच्या खाली आली तर सावरण्याची ताकद कमी, तीन किंवा वर आली तर निदान सामान्य. या दोन्हींत जो कमी भरेल, त्यालाच नैराश्याचे नऊ प्रश्न विचारायचे, असं आमचं ठरलं होतं. आशावादासाठी आम्ही दहाची रेघ आखली होती. मूळ चाचणीत अशी रेघच नाही. इतक्याच्या वर आशावादी आणि इतक्याच्या खाली निराशावादी असं तिच्या कर्त्यांनी कुठंही सांगितलेलं नाही. ती रेघ आमची होती.

सकाळी पहिल्याच घरी एक मावशी ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात भिजून काळवंडलेलं सोयाबीन. त्या एकेक दाणा बोटानं सरकवत होत्या. मोड आलेले एकीकडे, ते कोंबड्यांना. डागाळलेले दुसरीकडे. आणि सुपाच्या कडेला मूठभर, पिवळे, टणक दाणे वेगळे. मी वाचलं, “अनिश्चित काळातही मी चांगल्याचीच अपेक्षा ठेवते.”

मावशींचा हात थांबला. “अपेक्षा? आमी कुणाकडनं अपेक्षा ठेवत न्हाई बाई. माज्या सासूनंबी ठेवली न्हाई.”

मी शून्यावर खूण केली. नियमच तसा होता, उत्तर येईल तसं लिहायचं. “काही बिघडायचं असेल तर माझ्या बाबतीत ते बिघडतंच.” त्या म्हणाल्या, “बिगडलंय की, बगा ना शेताकडं.” पुन्हा शून्य. सावरण्याच्या प्रश्नावलीत वाक्य होतं, “कठीण प्रसंगानंतर मी लवकर उभी राहते.” त्यावर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. “म्या बसलेच कवा, उटायला?”

या उत्तराला पाचपैकी किती द्यायचे? मी पेन धरून बसले आणि शेवटी ‘असहमत’वर खूण केली. बेरीज झाली चोवीसपैकी सहा. दुसऱ्या प्रश्नावलीची सरासरीही तीनच्या खाली. कागदावर त्या गावातल्या सगळ्यात खचलेल्या बाई ठरल्या. नियमाप्रमाणं नैराश्याचे नऊ प्रश्न विचारले. त्यांत गुण जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. सत्तावीसपैकी तीन आले. तेही झोप नीट लागत नाही म्हणून.

उठता उठता मी सुपाच्या कडेच्या मुठीकडं बोट केलं. “हे कशाला वेगळं, मावशी?”

“बियाला.”

“शेत तर खरवडून गेलंय.”

“मग? मिरग थांबतोय व्हय आमच्यासाटी?”

दुपारी त्यांच्याच भावकीतल्या काकांकडं गेले. पन्नाशीचे, इस्त्रीचा सदरा, मला खुर्ची आणि स्वतः जमिनीवर. प्रत्येक विधानाला एकच उत्तर, “अगदी बरोबर.” भविष्याबद्दल नेहमी आशा वाटते? अगदी बरोबर. माझ्या मनासारखं घडेल असं मला जवळजवळ कधीच वाटत नाही? अगदी बरोबर. त्यांची नजर माझ्या पेनवर होती. तलाठ्याच्या कागदाला ‘नाही’ म्हटलं की यादीतून नाव जातं, हे शिकलेला माणूस असाच उत्तर देतो. सरळ तीन विधानांचे चार-चार आणि उलट तिन्हींचे शून्य. चोवीसपैकी बरोब्बर बारा. दुसऱ्या प्रश्नावलीतही तसंच, सरासरी नेमकी तीन. दोन्हीकडं रेघेच्या वर. पुढचे नऊ प्रश्न त्यांना विचारायचे नव्हते.

मी पिशवी खांद्याला लावली. काका दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “म्याडम, माणूस गेल्यावर घरच्यांला जी मदत मिळती, तिला ह्योच कागूद लागतो का दुसरा?”

मी पिशवी खाली ठेवली. खुर्ची सोडून त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले आणि सरळ विचारलं, “काका, जीव द्यायचा विचार येतो का मनात?” असं विचारलं तर नको ते डोक्यात भरतं, असं आमच्या क्षेत्राजवळच्या माणसांनाही वाटतं. तसं होत नाही. विचार आधीच आलेला असतो आणि तो एकट्यानं वागवायचं ओझं विचारल्यानं हलकं होतं. काका कितीतरी वेळ चपलेचा अंगठा दाबत राहिले. मग म्हणाले, “आता तुमी इचारलंच तर... रोज पाटं येतो.”

नऊ प्रश्न त्या उंबऱ्यावर झाले. सत्तावीसपैकी एकोणीस. त्यांच्या संमतीनं काकूंना बोलावलं. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली आणि मी स्वतः सोबत जायचं ठरवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर काकांच्याच हातून लिहून घेतला. घरात फवारणीच्या औषधांची पत्र्याची पेटी होती. ती घराबाहेर जायला हवी होती. कुठं ठेवायची विचारलं तर काका म्हणाले, “वैनीकडं.” आणि स्वतःच उचलून निघाले. वहिनी म्हणजे सकाळच्या मावशी. त्यांनी काही विचारलं नाही. सूप बाजूला सारलं, पेटी आत नेली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्यांनी दारात तो प्रश्न विचारला नसता तर मी पुढच्या घरी गेले असते आणि आमच्या अहवालात काका ‘सामान्य’ म्हणून नोंदले गेले असते. मोजपट्टीवर माझा राग नाही. शेकडो माणसांचा कल बघायला, आधी आणि नंतर काय बदललं ते तपासायला तिचा उपयोग आहे. पण आमचा फॉर्म शहरात बसून भाषांतरित झाला होता. मराठीवरून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून तपासलाही होता, आणि तरी ‘अपेक्षा’ हा शब्द परंड्याच्या ओसरीवर काय होतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्याकडं आशा धरतात आणि अपेक्षा दुसऱ्याकडून ठेवतात. मावशींनी नकार दिला तो दुसऱ्यापुढं हात पसरायला. सकाळी मी टीमला फोन केला. नऊ प्रश्न आता सगळ्यांना आणि आधी. बसल्याबरोबर पहिलं वाक्य, “हा कागद पंचनाम्याचा नाही, मदतीच्या यादीचा नाही.” दोन्ही प्रश्नावल्यांचं भाषांतर परत पाठवलं. तोवर गोळा झालेले गुण बाजूला काढा म्हणून मी भांडले, थोडी कडवटपणे भांडले, आणि ते काढले गेले.

जानेवारीत पुन्हा गेले तेव्हा काका घरी नव्हते. गोळ्या सुरू होत्या, महिन्याला जिल्हा रुग्णालयात फेरी होत होती. त्या दिवशी ते भाड्याच्या ट्रॅक्टरनं शेतात गाळाची माती टाकून घ्यायला गेले होते. मावशी ओसरीवरच होत्या. माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या तशी कमरेची किल्ली वाजली. त्यांनी ती हातात घेऊन मला दाखवली.

“द्यायची का आता पेटी माघारी?”

मी म्हणाले, “राहू द्या अजून, मावशी.”

“ऱ्हाती की,” म्हणाल्या, आणि किल्ली पुन्हा खोचून आत गेल्या.