टी-टी-टी दिसलं म्हणजे टर्मिनेटर सापडला असं नाही

कोल्हापूर जिल्ह्यात म्हशीची कास दगडासारखी घट्ट झाली की 'दगडी' म्हणतात, पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्पाची लस टोचून घेतात आणि वासरू हगवणीने मलूल झालं की डॉक्टरांना बोलावतात. या रोगांमागच्या बहुतेक जंतूंचे जीनोम (डीएनएचा अख्खा मजकूर) आता घरबसल्या फुकट उतरवून घेता येतात. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक करणाऱ्या मुलांसाठी त्यातून एक उत्तम प्रकल्प निघतो: या जंतूंमध्ये जनुकाचं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनएची प्रत काढणं, नेमकं कुठे आणि कसं थांबतं? थांबवणाऱ्या खुणेला टर्मिनेटर म्हणतात. अडचण एकच. पाठ्यपुस्तकातला नियम आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा असतो, आणि तो सगळ्या जंतूंना सरसकट लावला की निकाल चुकतो.

आधी तो नियम. आरएनए पॉलिमरेज हे एंझाइम डीएनएवरून पुढे सरकताना मागे आरएनए सोडत जातं. आत कायम साधारण 9 अक्षरांचा आरएनए-डीएनए जोड असतो, आणि त्याच्यावरच सगळी पकड असते. जनुकाच्या शेवटी आरएनएमध्ये जी-सीने भरलेला, स्वतःवर दुमडणारा तुकडा येतो. साधारण 5 ते 9 जोड्यांचा दांडा, वर 3 ते 8 अक्षरांचा फास: हे हेअरपिन. त्याला लागूनच 7-8 अक्षरांची यू-बहुल शेपटी (डीएनएतल्या टीच्या जागी आरएनएत यू येतो). आरएनएचा यू आणि डीएनएचा ए हा सगळ्यांत कमकुवत जोड. पॉलिमरेज त्या यूंवर अडखळतं, तेवढ्यात मागे हेअरपिन वळतं, आधीच सैल झालेला जोड सुटतो आणि आरएनए बाहेर पडतो. दोन्ही गोष्टी लागतात. नुसत्या हेअरपिनवर पॉलिमरेज बऱ्याचदा थबकून पुन्हा पुढे निघतं.

दुसरी रीत ऱ्हो या प्रथिनाची. जेफ्री रॉबर्ट्स यांनी ते 1969 मध्ये शोधलं. सहा एककांचं हे कडं सी जास्त आणि जी कमी असलेला, साधारण 70-80 अक्षरांचा मोकळा आरएनए धरतं आणि एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून पुढे सरकतं. सुटलेल्या जनावराचा कासरा हाती लागला की हातावर हात टाकत जनावरापर्यंत पोचता येतं, तसंच. (ऱ्हो आधीपासूनच पॉलिमरेजला चिकटलेला असू शकतो, असं 2021 मधल्या क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) चित्रांवरून दिसतं, म्हणजे कासऱ्याची उपमा अर्धीच खरी.) आरएनए वाचून प्रथिन बनवणारे (म्हणजे भाषांतर करणारे) रायबोसोम त्यावर दाटीने चालत असतील तर ऱ्होला जागा मिळत नाही. भाषांतर मध्येच तुटलं की मिळते.

आता आपल्या जनावरांच्या जंतूंकडे या. वासरांच्या हगवणीतल्या ई. कोलाय आणि साल्मोनेलाला ऱ्होशिवाय जगता येत नाही. म्हणूनच ऱ्होला जखडणारं बायसायक्लोमायसिन हे प्रतिजैविक 'बायकोझामायसिन' या नावाने पशुवैद्यकात वापरलं गेलं. दगडीतला स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र ऱ्होशिवाय जगतो. तिथे ऱ्होचं मोठं काम म्हणजे जनुकांच्या उलट बाजूने होणारं भरकटलेलं ट्रान्सक्रिप्शन दाबून ठेवणं. बाकी जनुकं बहुतांशी हेअरपिनवर थांबतात. याच जंतूचा विषारीपणा सांभाळणारा 514 अक्षरांचा आरएनए-तीन घ्या. त्याचं शेवटचं हेअरपिन म्हणजेच त्याचा टर्मिनेटर.

मायकोप्लाझ्माची गोष्ट सगळ्यांत वेगळी. कासदाह आणि वासरांचा न्यूमोनिया करणारा मायकोप्लाझ्मा बोविस, डुकरांतला हायोन्यूमोनिये, गाईंच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाचा मायकॉइड्स. यांना पेशीभित्तिका नाही, म्हणून पेनिसिलिन लागू पडत नाही. ऱ्होचं जनुकही नाही. म्हणजे भार हेअरपिनवरच असायला हवा. पण मायकॉइड्सच्या जीनोममध्ये जी-सी फक्त 24 टक्के! तिथे ताकदीचं हेअरपिन बनवायला माल कुठून आणायचा?

गणित करून बघा. 8 अक्षरांच्या खिडकीत निदान 6 टी, एवढीच अट ठेवू. मायकॉइड्समध्ये टीचं प्रमाण 0.38 धरलं तर निव्वळ योगायोगाने दर 26 जागांमागे एक खिडकी पास होते. जनावरं गाभडवणाऱ्या ब्रुसेला अबॉर्टसमध्ये जी-सी 57 टक्के, टी 0.215, तिथे साधारण 540 जागांमागे एक. तोच प्रोग्रॅम, तीच अट, आणि खोट्या शेपट्यांमध्ये वीसपट फरक. त्यामुळे मायकोप्लाझ्मात 'शेकडो टर्मिनेटर सापडले' असं लिहिण्याआधी तुलना हवीच.

ती अशी करा. प्रत्येक जनुकाच्या स्टॉप कोडॉनच्या (प्रथिनाचा संदेश संपवणाऱ्या तीन अक्षरांच्या) 20 अक्षरं आधीपासून 100 अक्षरं पुढेपर्यंतचा तुकडा कापा. मायकोप्लाझ्मात यूजीए हा थांबण्याचा नव्हे, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा कोडॉन आहे. जनुकं ओळखताना प्रोग्रॅममध्ये भाषांतराचा तक्ता 4 निवडला नाही तर जनुकं अर्ध्यात तुटतात आणि पुढचं सगळं वाया जातं. तुकडे आरएनएची घडी वर्तवणाऱ्या आरएनएफोल्ड या प्रोग्रॅममध्ये घालून दांड्याची ऊर्जा (जितकी कमी, तितका दांडा घट्ट) काढा. मग त्याच तुकड्यांतली अक्षरं, शेजारच्या जोड्यांचं प्रमाण तेच ठेवून, निदान 100 वेळा पिसा आणि पुन्हा मोजा. खऱ्या तुकड्यांचं वितरण पिसलेल्यांपेक्षा स्पष्ट बाजूला सरकलं तरच बोला. ऊर्जेची सीमारेषा ई. कोलायवरून उचलू नका, या पिसलेल्या संचावरून ठरवा. जनुकाच्या मधल्या भागातले तुकडेही तुलनेला घ्या. टर्मिनेटर शोधणाऱ्या तयार साधनांत ट्रान्सटर्म-एचपी आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नागराज यांच्या गटाने केलेलं जेस्टरही आहे. ते यू-शेपटी नसलेली हेअरपिनंसुद्धा नोंदवतं. जोन्स रोगाच्या (जनावरांच्या जुनाट हगवणीच्या) मायकोबॅक्टेरियमसारख्या जी-सी-बहुल जंतूंसाठी हे उपयोगाचं, पण शेपटीशिवायची ती हेअरपिनं पेशीत खरोखर थांबवतात का, यावर वाद आहे. तिथे प्रयोगाशिवाय विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत.

प्रयोग आरटी-क्यूपीसीआरने होतो: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एंझाइमने आरएनएची डीएनए प्रत (सीडीएनए) करायची आणि तिचे निवडक तुकडे वाढवून मोजायचे. टर्मिनेटरच्या आधी एक आणि नंतर 30-50 अक्षरं सोडून दुसरा, असे 80 ते 120 जोड्यांचे दोन तुकडे निवडा. हेअरपिन ओलांडणारा तुकडा घेऊ नका, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज तिथे अडतं. जिवाणूंचा एमआरएनए काही मिनिटांत कुजतो, म्हणून कल्चर बाहेर काढताच दुप्पट आकारमानाच्या स्थिरीकरण द्रावणात घाला. आधी सेंट्रिफ्यूज करत बसलात तर गेलं. प्रत सुरू करून देणारा छोटा तुकडा म्हणजे प्राइमर. ए-ए-ए शेपटीला चिकटणारा ऑलिगो-डीटी प्राइमर इथे चालत नाही. यादृच्छिक हेक्झामरने (कुठेही चिकटणाऱ्या सहा अक्षरी प्राइमरने) दोन्ही धाग्यांची सरमिसळ होते, तेव्हा त्या धाग्यापुरताच प्राइमर वापरा. उरलेला डीएनए तोडणारं डीएनेज दिल्यावरही एक नळी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवाय आणि एक प्राइमरशिवाय चालवा. दुसरी नळी बहुतेक जण विसरतात. आरएनए स्वतःवरच दुमडून प्राइमरचं काम करतो आणि उलट धाग्याचा खोटा संकेत देतो.

दोन तुकड्यांची वाढण्याची कार्यक्षमता सारखी नसते. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे त्याच जंतूचा जीनोमिक डीएनए: त्यात दोन्ही तुकडे नेमके एकास एक असतात. तिथला फरक वजा करून सीडीएनएचा फरक वाचा. नंतरचा तुकडा 5 सायकल उशिरा आला, तर 32 मध्ये एक, म्हणजे साधारण 3 टक्के आरएनए पुढे गेला. पण पुढच्या जनुकाचा प्रमोटर (ट्रान्सक्रिप्शन सुरू होण्याची जागा) मध्येच असेल तर हा आकडा निरर्थक. आणि ऱ्होने थांबवलेला आरएनए एक्सोन्यूक्लिएज (टोकापासून तोडणारी एंझाइमं) मागून कुरतडत जवळच्या दांड्यापर्यंत आणतात; तिथे सापडलेलं टोक म्हणजे थांबण्याची जागा नव्हे.

ब्रुसेला मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाढवू नका. तो हवेतून माणसाला लागतो आणि त्याला बीएसएल-3 या कडक जैवसुरक्षा पातळीची सोय लागते. त्याच्यापुरतं संगणकावर थांबा.